१७१४ ची गाठ: एका कादंबरी-मालिकेचा तिसरा खंड

कोल्हापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं करवीरच्या छत्रपती घराण्याच्या उदयावर तीन खंडांची कादंबरी लिहायला घेतली. पहिला खंड छापून वाचनालयांत पोहोचला होता. दुसऱ्याचं हस्तलिखित पूर्ण होतं. तिसऱ्याचा आराखडा संपादनासाठी माझ्याकडे आला, त्याचं शेवटचं प्रकरण होतं 'पन्हाळा, १७१०'. ताराराणी गडावर, मुलगा गादीवर, सदरेवर सरदारांचे मुजरे, आणि तिथंच समाप्त. त्या पानाच्या कडेला मी पेन्सिलनं लिहिलं, 'आणि १७१४?'

पुढं बराच काळ आम्ही या एका प्रश्नाशी झटत राहिलो. तो कसा सुटला, सुटताना आधीच्या खंडांचं काय झालं, ते इथं मांडतो आहे. लेखिका आणि प्रकाशक दोघांनाही आपली नावं यायला नको आहेत. लेखिकेला मी 'बाई' म्हणेन. निम्म्या पेठेला त्यांनी शाळेत मराठी शिकवलंय, त्यामुळं प्रत्यक्षातही त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही.

१७१४ मध्ये काय झालं ते आधी सांगतो. पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. ताराराणींच्या सवत, राजाराम महाराजांच्या राणी राजसबाई यांच्या पक्षानं गड ताब्यात घेतला. ताराराणी आणि त्यांचे चिरंजीव शिवाजी कैदेत गेले, आणि राजसबाईंचे चिरंजीव संभाजी गादीवर बसले. आज आपण जिला कोल्हापूरची गादी म्हणतो ती या संभाजी महाराजांकडून पुढं चालत आली. त्यांना वारस नव्हता. १७६० मध्ये ते वारले आणि त्यांच्या राणी जिजाबाईंनी १७६२ मध्ये दत्तक घेतला. म्हणजे ज्या राणीच्या खांद्यावर बाईंनी सगळी मालिका उभी केली, तिचा स्वतःचा वंश या गादीवर राहिलाच नाही. मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत होतं, 'एका राजघराण्याच्या उदयाची कथा'.

छापून झालेली पानं

पहिला खंड १६८९ ते १७०० या काळाचा. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले जातात, ११ मार्चला त्यांची हत्या होते. राजाराम महाराज रायगड सोडून आधी पन्हाळ्याला आणि तिथून दूर तमिळ मुलखातल्या जिंजीला जातात. त्याच वर्षी रायगड पडतो, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागतात. इकडं रामचंद्रपंत अमात्य 'हुकुमतपनाह', म्हणजे महाराजांच्या गैरहजेरीत कारभाराचे सर्वाधिकारी, होऊन मुलूख धरून ठेवतात, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगली छावण्यांची झोप उडवतात. मोगलांनी वर्षानुवर्षं वेढलेली जिंजी १६९८ मध्ये पडली, पण त्याआधीच महाराज निसटले होते. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचा मृत्यू झाला, आणि तिथं हा खंड संपतो. एवढा मालमसाला इतिहासानंच पुरवल्यावर कादंबरी पडणं कठीण. ती चाललीही बरी.

अडचण दुसरीकडं होती. या खंडात राजसबाई कागलकर घाटग्यांची लेक म्हणून लग्नाच्या प्रसंगी एकदा येतात, जिंजीच्या भागात एकदा मान डोलावतात, आणि संपलं. बाईंना त्या वेळी त्यांची गरज वाटली नाही. सुट्या कादंबरीत असं चालून जातं. मालिकेत जे पान छापून बाहेर गेलं ते परत घेता येत नाही. तिसऱ्या खंडात जी बाई गड पालटवणार आहे, ती वाचकाच्या डोळ्यांसमोर पहिल्या खंडात मुकी बसलेली असते.

त्यात भर म्हणजे पुस्तकाच्या शेवटी वंशावळ छापलेली होती. राजाराम महाराजांच्या नावाखाली दोन फांद्या, ताराराणींच्या खाली शिवाजी, राजसबाईंच्या खाली संभाजी, आणि संभाजींच्या पुढं कंसात 'करवीर छत्रपती'. गारगोटीकडच्या एका वाचकानं ते बरोबर टिपलं आणि बाईंना फोन केला. "बाई, खालच्या फांदीवर गादी गेली कशी, ते तिसऱ्यात येणार न्हवं?"

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, पण आराखडा मात्र तोच होता. १७१०, मुजरे, समाप्त.

कुठं थांबायचं

आमच्यापुढं थांबायच्या जागा चार होत्या.

१७१० बाईंना हवं होतं आणि प्रकाशकालाही. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. १७०७ मध्ये औरंगजेब गेला, शाहू महाराज मोगली छावणीतून सुटले आणि घरातच दोन दावेदार उभे राहिले. ताराराणींचा मुद्दा सरळ होता. थोरल्या पातीचं, म्हणजे शाहूंच्या वडिलांचं, राज्य मोगलांनी घेतलं, ते संपलं. त्यानंतर जे उभं राहिलं ते राजाराम महाराजांनी आणि त्यांच्या माणसांनी नव्यानं मिळवलं, त्यावर शाहूंचा हक्क नाही. हे सरदारांना पटलं की नाही ते १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडला भीमेकाठी दिसलं, जेव्हा धनाजी जाधव शाहूंकडं गेले. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. पुढं पन्हाळाही हातचा गेला, ताराराणी रांगण्याला सरकल्या, तिथंही वेढा पडला. तो पावसाळ्यात ढिला झाला, मग पन्हाळा परत मिळवून त्या तिथं स्थिर झाल्या. एवढं सगळं सोसून एका पस्तिशीच्या विधवेनं दुसरी गादी उभी केली. इथं पडदा टाकावासा वाटणारच.

१७१४ वर थांबलं तर तीच कथा शोकांतिका होते. मला तेही पटत नव्हतं. राणी कैदेत गेली आणि पुस्तक संपलं, म्हणजे वाचकाला हळहळ वाटेल, पण मग 'उदय' कशाचा झाला ते कुणी सांगायचं?

चौथी जागा १७६१ ची. पानिपतानंतर त्याच वर्षाच्या शेवटी ताराराणी साताऱ्यात वारल्या, वयाच्या ऐंशीच्या पुढं. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात थरारक उत्तरार्ध, साताऱ्याचे छत्रपती रामराजा यांना नोव्हेंबर १७५० मध्ये किल्ल्यात अटकेत ठेवणं वगैरे, सगळा साताऱ्याचा आहे. तो लिहायला घेतला की कोल्हापूर मालिकेतून बाहेर जातं.

मधली, तिसरी जागा आम्हाला उशिरा दिसली, तिच्याकडं येतो. तिच्याआधी एक गोष्ट मान्य व्हावी लागली, आणि मला या प्रकरणात खरं काही सांगायचं असेल तर ते हेच. राजघराण्याच्या उदयावर मालिका लिहायची असेल तर कथेनं माणसाचा हात सोडून गादीचा हात धरावा लागतो. आपल्याकडची ऐतिहासिक कादंबरी बहुतेक वेळा एका थोर व्यक्तीबरोबर जन्मते आणि तिच्याबरोबर संपते. एका खंडात ते शोभतं. तीन खंडांत घराणं उभं करायचं तर गादी जिकडं जाईल तिकडं लेखकानं जायला हवं, आवडत्या पात्राला मागं ठेवून. बाईंना हे बुद्धीनं लगेच पटलं, मनानं नाही. "अरे, दोन खंड मी तिच्याबरोबर चाललेय," त्या म्हणाल्या. "आता तिला कोंडून मी कुणाच्या मागं जाऊ? राजसबाईंच्या?"

प्रकाशकाची भीती वेगळी, आणि कोल्हापुरात राहणाऱ्याला ती समजते. "ओ सर, कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या राणीला तुम्ही कोठडीत घालणार व्हय? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, घातलं तर पन्हाळ्यावरच्या लोकांनी घातलं, तेही तीनशे वर्षांपूर्वी. ते काही हसले नाहीत.

सवत की सबनीस

बाईंनी अखेर १७१४ चं प्रकरण लिहून बघायचं कबूल केलं. पहिला मसुदा आला तो सवतीमत्सराचा. राजसबाई आरशासमोर, दासी कानाशी, डोळ्यांत विखार, मध्यरात्री पावलं. भाषा सफाईदार होती, बाईंची असतेच. पण वाचून झाल्यावर मी त्यांना एवढंच विचारलं, की गडाच्या किल्ल्या कुणाकडं होत्या?

सवतीच्या मत्सरानं पन्हाळ्याचा दरवाजा उघडत नाही. मराठ्यांच्या गडावर हवालदार असतो, सरनोबत असतो, हजेरीवर सबनीस असतो, कोठारावर कारखानीस असतो. पन्हाळ्याचा अंबारखाना ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथं किती धान्य मावत असेल. ते धान्य, दरवाजा आणि हजेरीचा कागद ज्यांच्या हातात, ती माणसं फिरल्याशिवाय गडावर सत्तापालट होत नाही. मग प्रश्न येतो की ती का फिरली. इथून पुढं प्रकरणाला दम आला.

एक कारण सगळ्यात साधं आणि मसुद्यात कुठंच नव्हतं. शिवाजींचा जन्म जिंजीचा, १६९६ चा. १७०० मध्ये गादीवर बसले तेव्हा चार वर्षांचेही नव्हते, म्हणून आईनं कारभार पाहणं कुणाला खटकलं नाही. १७१४ मध्ये ते अठरा वर्षांचे होते. मुलाच्या नावानं चालणाऱ्या राज्यात मूल मोठं झालं की आईच्या अधिकाराचा आधार निघून जातो. कारभार तरीही आईच पाहत असेल तर सदरेवरचा प्रत्येक माणूस मनात काहीतरी गणित मांडणार. राजसबाईंचे संभाजी तेव्हा सोळाचे. दोन्ही मुलं एकाच बापाची, एकाच गडावर वाढलेली.

दुसरं कारण वतनाचं. शिवाजी महाराजांचा कल चाकरीचा मोबदला रोख द्यायचा, नवी वतनं वाढू न देण्याचा. जिंजीच्या दिवसांत ते परवडेना. माणसं मोगलांकडं जाऊ नयेत म्हणून वतनं आणि सरंजाम (फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख) द्यावे लागले, काही तर अजून न जिंकलेल्या मुलखाच्या भरवशावर. १६९१ च्या एका करारात हणमंतराव घोरपड्यांना दिल्ली घेतल्यावर किती रक्कम मिळेल त्याचाही आकडा आहे! महाराज जिंजीत, औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून, आणि कागदावर दिल्लीचा हिशेब. मला हा तपशील फार आवडतो. त्यात हिंमतही आहे आणि पुढच्या भांडणाचं बीही. ज्याच्या हातात असा कागद, त्याची पहिली काळजी ही की हा कागद मानणारी गादी टिकणार का. १७०७ नंतर गाद्या दोन झाल्या, तेव्हा प्रत्येक सरदाराला दोन शिक्क्यांतून एक निवडणं आलं. धनाजी शाहूंकडं गेले, त्यांचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये उलट ताराराणींकडं आला. कान्होजी आंग्रे ताराराणींच्या बाजूचे होते, त्यांनी शाहूंचा पेशवा बहिरोपंत पिंगळे यालाच पकडलं. मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७१४ च्या सुरुवातीला आंग्र्यांशी तह करून त्यांना शाहूंकडं वळवलं. समुद्राकडची बाजू अशी गेली, आणि त्याच वर्षी पन्हाळ्यावर उलथापालथ झाली. बाईंनी या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत, मध्ये एका लग्नाचं वर्णन घालून ठेवल्या होत्या. ते लग्न आम्ही काढून टाकलं.

तिसरं कारण म्हणजे रामचंद्रपंत. या सत्तापालटामागं त्यांचा हात होता असं इतिहासकार मानतात. जिंजीच्या काळात ज्यांनी राज्य तगवलं, ताराराणींच्या सगळ्या लढ्यात जे बरोबर होते, तेच. आणि 'आज्ञापत्र' हा मराठीतला राजनीतीवरचा मोठा ग्रंथ त्यांचाच, १७१५ च्या सुमाराचा, नव्या छत्रपतींच्या म्हणजे याच संभाजी महाराजांच्या काळातला. उलथापालथ होऊन वर्ष झालंय, आणि हा म्हातारा कारभारी राज्य कसं चालवावं, प्रधान कसा असावा, वतनदारांना कुठवर वाढू द्यावं, गड कसे राखावेत, टोपीकरांपासून (युरोपी व्यापाऱ्यांपासून) किती जपावं ते एकेक करून सांगतोय. कादंबरीकाराला याहून काय हवं?

मी बाईंना सुचवलं की तिसऱ्या खंडाचा मधला भाग पंतांच्या नजरेतून सांगा. पंतांना खलनायक करू नका, साधूही करू नका. हा माणूस गड राखण्याचं प्रकरण लिहितो आहे, आणि त्याच गडावर एका खोलीत त्याची कालची राणी बंदिवान आहे. दोन्ही त्याला ठाऊक आहे. त्याला काय वाटतं ते लिहू नका, तो काय लिहितो आणि काय खोडतो एवढं दाखवा. बाई काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेली टिपणं बाजूला ठेवून ते प्रकरण एका बैठकीत लिहिलं. मालिकेतलं ते सगळ्यात चांगलं लेखन आहे असं मला वाटतं. त्यात एकही तलवार उपसलेली नाही.

दोन शिवाजी, दोन संभाजी

ही अडचण किरकोळ वाटेल, पण वाचक याच जागी पुस्तक खाली ठेवतात. या घराण्यात नावं परत परत येतात. थोरले शिवाजी महाराज, मग ताराराणींचे शिवाजी. शाहूंचंही मूळ नाव शिवाजीच, आणि जिजाबाईंनी घेतलेल्या दत्तकाचं नाव पुन्हा शिवाजी. थोरले संभाजी आणि करवीरचे संभाजी. जिजाऊ आणि करवीरच्या जिजाबाई. राजाराम आणि रामराजा. इतिहासाच्या पुस्तकात नावापुढं 'दुसरे' लिहून भागतं. कादंबरीत आई मुलाला 'दुसरे शिवाजी, जेवायला या' असं म्हणू शकत नाही.

बाईंनी आधी टोपणनावं बेतली होती. मी ती कापली. ज्यांचं देव्हाऱ्यात नाव घेतलं जातं त्यांना आपण टोपणनावं बसवायची, तीही कुठल्या कागदात नसलेली, हे कोल्हापुरात खपत नाही आणि खपू नये. मग आम्ही एक शिस्त ठरवली. प्रत्येक प्रसंगात बोलणारा ज्या नात्यानं बोलतो तेच नातं वाचकाला दिसलं पाहिजे. ताराराणींच्या तोंडी 'आमचे चिरंजीव', राजसबाईंच्या प्रसंगात 'धाकटे महाराज', पंतांच्या तोंडी गादीवर जो असेल तो 'स्वामी'. १७१४ च्या प्रकरणात पंत पहिल्यांदा 'स्वामी' हा शब्द दुसऱ्या मुलासाठी वापरतात, आणि सत्तापालट झाल्याचं वाचकाला तिथंच कळतं. त्यापुढचं सगळं वर्णन बाईंनी स्वतःहून उडवलं.

तारखांचंही असंच लफडं. औरंगजेबाचा मृत्यू दुसऱ्या खंडात एका ठिकाणी २० फेब्रुवारी १७०७ ला होता, दुसऱ्या ठिकाणी ३ मार्चला. मुद्रितं तपासणाऱ्या मुलानं दोन्हीखाली लाल रेघ मारून पाठवलं. दोन्ही बरोबर आहेत. जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणं पहिली आणि नव्याप्रमाणं दुसरी, मध्ये अकरा दिवसांचा फरक. आम्ही कथेतून इंग्रजी तारखा पूर्ण काढल्या. पात्रांना तिथी, महिना आणि पाऊस एवढंच माहीत असतं.

विशाळगडचा चिखल

दुसरा खंड जवळजवळ छपाईला निघाला होता. तो थांबवायचा की नाही यावर प्रकाशकाशी थोडी गरमागरमी झाली, कारण डीटीपी होऊन फर्मे लागले होते. शेवटी थांबला, आणि त्याची कारणं दोन.

पहिलं राजसबाई. पहिल्या खंडातलं त्यांचं मौन आता बदलता येत नव्हतं, म्हणून ते मौनच वापरायचं ठरलं. दुसऱ्या खंडात त्या फार बोलत नाहीतच, पण आता वाचकाला त्यांचे कान दिसतात. कुठला किल्ला कितीला गेला, कुणाची सनद अडली, कुणाला सदरेवरून परत पाठवलं, हे त्यांच्या दालनात कसं पोहोचतं त्याची चार-पाच छोटी दृश्यं घातली. तिसऱ्या खंडात त्या उभ्या राहतात तेव्हा वाचक दचकत नाही, 'हां, ही तर ऐकत होती' असं म्हणतो.

दुसरं कारण वेढ्यांचं. १७०० ते १७०५ या काळात औरंगजेब स्वतः एकेका किल्ल्याखाली जाऊन बसत होता. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. बाईंनी सातही वेढे लिहिले होते, प्रत्येकात सुरुंग, तोफा, धारातीर्थ. तिसऱ्या वेढ्याला मलाच जांभई आली. खरं तर यातल्या बहुतेक वेढ्यांची रीत ठरलेली होती. किल्ला जमेल तितका झुंजवायचा, मोगलांना पावसात खिळवून ठेवायचं, मग पैसे घेऊन किल्ला खाली करायचा आणि बादशहाची पाठ वळली की तो परत घ्यायचा. पन्हाळा मे १७०१ मध्ये असाच गेला, विशाळगड जून १७०२ मध्ये. बाईंना ही देवघेव दाखवायला संकोच वाटत होता. मला ती त्या युद्धातली सगळ्यात हुशार चाल वाटते. ज्या खजिन्यावर मोगली फौज चालायची त्याच खजिन्यातून मराठ्यांच्या पुढच्या मोहिमेचा दाणागोटा निघत होता. ताराराणींच्या हुशारीची दखल मोगलांचा इतिहासकार खाफीखानही घेतो, ती काही फक्त तलवारीसाठी नव्हे.

सातातले पाच वेढे एकेका परिच्छेदावर आणले आणि विशाळगड फुगवला. किल्ला घेतल्यावर बादशहाची फौज पन्हाळ्याकडं निघाली ती ऐन पावसात. मलकापूरकडचा हा रस्ता आज एसटीनं दोन-अडीच तासांचा. त्या फौजेला महिन्याहून अधिक लागला. ओढे फुगलेले, उंट चिखलात बसलेले, तंबू भिजून दुप्पट जड झालेले, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ऐंशीच्या पुढचा म्हातारा बादशहा. आपल्याकडच्या वाचकाला ही वाट पावनखिंडीमुळं पाठ आहे. त्याच वाटेवर बेचाळीस वर्षांनी उलटा प्रवास होतोय, हे बाईंनी कुठंही न सांगता फक्त गावांच्या नावांतून आणलं. तिथं मी एक शब्दही हलवला नाही.

वारणाकाठ

आता ती तिसरी जागा. १७३० मध्ये शाहू आणि संभाजी यांच्यातलं भांडण लढाईवर आलं. वारणेच्या बाजूला संभाजींच्या छावणीवर साताऱ्याच्या फौजेनं छापा घातला. संभाजी निसटले, पण छावणीतला राणीवसा शाहूंच्या माणसांच्या हाती लागला. त्यात ताराराणी होत्या, राजसबाई होत्या आणि संभाजींच्या राणी जिजाबाईही होत्या.

हे वाचल्यावर मी बाईंना फोन केला. पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "तिघी एकाच गोटात?"

कैद करणारी आणि कैद झालेली, दोघी मिळून तिसऱ्याच्या कैदेत. सोळा वर्षांचा हिशेब एका राहुटीत. शाहूंनी राणीवशाला मानानं परत पाठवलं, पण ताराराणी परत गेल्या नाहीत. साताऱ्यातच राहते म्हणाल्या. ज्या पुतण्याला हक्क नाही म्हणून त्यांनी सारा डाव मांडला त्याच्याच आश्रयाला, आणि जे राज्य त्यांनी उभं केलं तिथं पाठ फिरवून. १७३१ च्या सुरुवातीला कऱ्हाडजवळ जखिणवाडीला शाहू आणि संभाजी भेटले, आणि १३ एप्रिलला वारणेचा तह झाला. वारणेच्या उत्तरेला सातारा, दक्षिणेला तुंगभद्रेपर्यंत करवीर. कोल्हापूरचं राज्य सगळ्यांनी मान्य केलेलं राज्य झालं ते त्या दिवशी.

उदय झाला तो इथं, आणि राणी तिथं नाही. खंड १७३१ वर संपवायचं ठरायला यानंतर फारसा वेळ लागला नाही. प्रकाशकाचा एकच प्रश्न होता, राजसबाई आणि ताराराणी राहुटीत काय बोलतात? बाईंनी आधी दोघींना रडवलं होतं. दुसऱ्या खर्ड्यात भांडवलं. तिसऱ्यात दोघी जिजाबाईंना सामान कसं बांधायचं ते सांगतात. कोणत्या पेटाऱ्यात शिक्के, कोणत्यात कागद, पावसाचा भरवसा नाही, मेणकापड घाल. जिजाबाई ऐकून घेतात आणि सगळं आपल्या पद्धतीनं बांधतात. पुढं तीसेक वर्षांनी दत्तक घेऊन गादी सांभाळणारी बाई हीच, हे ज्याला माहीत आहे त्याला पुरेसं आहे.

हस्तलिखित छपाईआधी चार ओळखीच्या वाचकांना दिलं. दोघांना १७१४ मान्य झालं. एका निवृत्त मामलेदारांना पंतांचं प्रकरण फार लांबलं असं वाटलं आणि वतनाचा भाग अजून हवा होता. चौथी वाचक बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिनं पुस्तक परत देताना सांगितलं की ताराराणींना साताऱ्याला जाताना पाहून तिला राग आला, आणि तो राग नक्की कुणावर ते तिला कळेना. बाईंनी ते वहीत लिहून ठेवलंय.

मुखपृष्ठाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. प्रकाशकाला घोड्यावरची राणी हवी आहे, कारण पहिल्या दोन खंडांवर तीच होती आणि कपाटात तिन्ही पाठी एकसारख्या दिसायला हव्यात. बाईंना वारणेचा काठ हवा आहे. वंशावळ मात्र नव्यानं काढली. राजसबाईंच्या फांदीखाली संभाजी, संभाजींच्या शेजारी जिजाबाई, आणि तिथून खाली दत्तकासाठी तुटक रेघ. ताराराणींच्या फांदीखाली शिवाजी, आणि त्यांच्या खाली रामराजांसाठी बाईंनी आधी सरळ रेघ काढली, मग खोडली. रामराजा आपला नातू म्हणून ताराराणींनीच पुढं आणला आणि पुढं तो आपला नातू नव्हेच असंही त्यांनीच जाहीर केलं. तिथं कोणती रेघ मारायची यावर चित्रकार उत्तराची वाट बघतोय. तो परवाही विचारत होता, "सर, सरळ का तुटक, एकदाचं सांगा, प्लेट अडलीय."